मेलेल्या राजांचे ऑडिटर

युरोपातले यच्चयावत मेलेले राजे वर कुणाला टरकून असतील, तर ते माधवनगरच्या आमच्या मामांना. हे माझ्या बायकोचे मामा. तालुक्याच्या ट्रेझरीत उभी हयात घालवून निवृत्त झाले, आणि सांगलीच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना किलोच्या भावानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे सरकारी हिशेब कसे ठेवत, याचं. तेव्हापासून मामा आमच्यात कमी आणि त्या दरबारांत जास्त असतात. विट्याच्या एका लग्नात, भर पंगतीत त्यांनी स्पेनचा राजा काढला. जहाजं भरभरून चांदी यायची, पण जाते कुठं ते राजालाच कळेना, शेवटी दिवाळं वाजलं. शेजारी परमुलखात सोनं-चांदी गाळायचं दुकान असलेले एक पाहुणे होते. त्यांनी हातातली जिलेबी खाली ठेवली आणि कळवळून विचारलं, "आवं मामा, पन चांदीचा टंच काय हुता?" मामा पुढे महिनाभर तो टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, शोधत होते.

इंग्लंडच्या खजिन्यात पावती म्हणजे खाचा पाडलेली काठी. ती उभी चिरायची, अर्धी पैसे भरणाऱ्याला, अर्धी सरकारला. दोन्ही जुळल्या की हिशेब खरा. हे मला दाखवायला माझ्या पलूसच्या रानात काठी सापडेना, म्हणून मामांनी ऊस चिरला. मी सरकार झालो. समजावणं इतकं लांबलं की सरकारनं आपला भाग चोखून टाकला. मामा चिपाडाकडे बघत म्हणाले, "बराबर हाय. सरकारं अशीच बुडाली."

हे सगळं एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चार लोकांसमोर सांगायचं एवढीच त्यांची इच्छा. गेल्या महिन्यात पलूसच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी व्याख्यान जमवलं. मामा कोट घालून आले. रंगतही होते. फ्रान्सच्या राजाला त्याचा मंत्री खिशात मावेल अशी सोनेरी नक्षीची हिशेबाची वही करून द्यायचा. पुढे मंत्री वारला, आणि... इथं कुणीतरी चहा आल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या. परत कुणी बसलं नाही.

मामांना घरी सोडताना ते गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते. मला राहवेना. "मामा, मंत्री गेल्यावर त्या वह्यांचं काय झालं?"

"पाव्हणं, ही गोष्ट तुमास्नी पंधरा बारी सांगितली हाय."

स्टिअरिंगमागे लपता येत असतं तर मी लपलो असतो. "ऐकली असणार हो, पण..."

"ऐकली न्हाई तुमी. पन मान लय झ्याक हलवता." ते हसले. "तेवढ्यावर माजा दिस निघायचा."

मग ते म्हणाले, "राजानं वह्या बंद केल्या."

"का?"

मामा सीटवर माझ्याकडे वळून बसले. माधवनगर आलं, त्यांचं घर आलं. मी गाडी थांबवली नाही.