गिरजाने लावलेली टाकी

शेणवे गावात रिक्षाला भोंगा बांधून दवंडी फिरली. समाजमंदिरात उन्हाळी वर्ग, दगडावरचं टाकीकाम शिकवणार, फुकट! 'शिकवणार' हा शब्द भोंग्याच्या खरखरीत गेला आणि गिरजाने तेवढा सोडून बाकी सगळं ऐकलं. दुसऱ्या सकाळी ती जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेऊन समाजमंदिराच्या पायरीशी उभी.

आत पोरंपोरी दगडात कमळं आणि कासवं कोरत होती. "बाय, येवढी टाकी लावून द्या," गिरजा म्हणाली आणि सगळा वर्ग खो खो हसला.

शिकवणारी निशिगंधा हसली नाही. ती मुरबाडकडच्या पाथरवटाची लेक. तिचा आजा दारोदार जाती टाकवत फिरायचा. तिने दगडाच्या पोटावरून हात फिरवला. दगड आरशासारखा गुळगुळीत झालेला; छिन्नीने टोचून खरखरीत केल्याशिवाय, म्हणजे टाकी लावल्याशिवाय, त्यावर काही दळलं जाणार नव्हतं. पीठगिरणी आल्यापासून गावात पाथरवट फिरकला नव्हता, मग जातं तरी काय करणार?

"घाई कसली आहे, मावशी?"

"लेकीचं लगीन हाय. आमच्यात हळद घरच्याच जात्यावर दळायची. मागून आणलेलं चालत नाय."

"मग मी लावून देणार नाही. तुम्ही शिका. बसा."

गिरजाला आधी रागच आला. लेकीचं लग्न तोंडावर आणि ही म्हणते शिका! पण छिन्नी हातात आली तेव्हा तिच्या मनात वेगळंच काही उभं राहिलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळद दळायला सवाष्णी बसतात, विधवेने लांब उभं राहायचं, मग लेक पोटची का असेना. भूमिकाच्या हळदीला तिचा हात लागणार नव्हता. पण दगडाला लागला तर कोण अडवणार होतं?

मग काय, बाई पेटलीच. लाकडं फोडणारा हात तो, पहिल्याच घावाला काठाची कपची उडाली. गिरजाने छिन्नी खाली टाकली. "मोडलं गो माजं जातं!"

"काठ गेला, पोट शाबूत आहे," निशिगंधा म्हणाली. "हात सैल सोडा. दगडाला मारायचं नाही, टोचायचं."

गिरजा टोचत राहिली. वरचा दगड झाला, मग खालचा. हाताला फोड आले, हसणारी पोरंच तिला पाणी आणून देऊ लागली. शेवटी तिने जात्यावर मूठभर कोंडा दळून फेकला, कच निघून गेली. दगडाची खरखर तळव्याला लागली तेव्हा तिने निशिगंधाचे दोन्ही हात धरले. "तुजे उपकार कसे फेडू गो? लावून दिली असतीस तर आज मी रिकाम्या हातानं घरी गेले असते."

हळदीच्या दिवशी निशिगंधाला आग्रहाने बोलावणं होतं. मांडवात सवाष्णी जात्याला बसल्या, कुटलेली हळद सुपात आली. गिरजा मागच्या दाराशी उभी होती. शेजारच्या चंदाने पहिला घास घालायला मूठ भरली, तोच गिरजाच्या सासूने, धोंडूबाईने, चंदाचं मनगट धरलं.

"थांब. पयला घास गिरजेचा."

चंदा गडबडली. "पण काकी, तिचा नवरा..."

"तिचा नवरा तो माजाच पोरगा ना?" म्हातारीचा आवाज चिरकला. "तो गेल्याचं माज्यापरीस जास्त कोनाला लागलंय? मी सांगते. जात्याला टाकी जिनं लावली, घास तिचा. ये गो, गिरजे."

चंदाने मूठ सुपात सोडली आणि सरकून जागा केली. गिरजा दाराशीच उभी राहिली. निशिगंधाने तिला पाठीवर हात ठेवून पुढे आणलं. गिरजा बसली, तिने मूठ भरली आणि जात्याच्या तोंडात सोडली. जातं घरघरलं, कडेने पिवळी हळद झरू लागली.

पाटावर बसलेली भूमिका रडत रडत म्हणाली, "आये, आजून एक घाल."