डागमावशींचं नाक

गालिच्यावर काय सांडलंय, हे माणसं कधी खरं सांगत नाहीत. दारू सांडली तर सरबत म्हणतात, कुत्र्याने घाण केली तर नुसतं पाणी म्हणतात. डागमावशींपुढे मात्र असल्या थापा चालायच्या नाहीत. दारातून आत आल्या की त्या गुडघ्यांवर बसत, गालिच्याला नाक लावत आणि सांगून मोकळ्या होत, "दूध आहे, तीन दिवसांचं. वरून भांड्यांचा साबण फासलाय, हो ना?" मग घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे होत. सव्वीस वर्षं बाईंनी घरोघरी गालिच्यांचे डाग काढायचं काम असंच केलं. कुणाला काही विचारायची वेळच आली नाही, त्यामुळे विचारायची सवयही लागली नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्या तापाने पडल्या. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल, होईल बरी. मग एक दिवस गॅसवर दूध करपून भांडं काळंठिक्कर झालं, आणि मावशी शेजारच्याच खोलीत निवांत बसलेल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बरं, सांगणार कुणाला? लोक त्यांना बोलवायचे ते नाकासाठीच. नाक गेल्याचं कळलं की काम गेलंच म्हणायचं. तेव्हापासून प्रत्येक दाराची बेल त्या जीव मुठीत धरून वाजवत. बसत, हुंगत, डोळे मिटत आणि डागाचा रंग बघून ठोकून देत. बरेचदा बरोबरही यायचं.

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी त्या गेल्या. दार उघडलं ते घरच्या सुनेने. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, कानटोपी घातलेली. पोरीला गार वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या.

"मावशी, चारला सासूबाई येतील. त्यांच्या आईचा गालिचा आहे हा. तेवढ्यात निघेल ना?"

"आधी बघू तर दे."

मावशी वाकल्या. हुंगलं, काही नाही. पुन्हा हुंगलं, तरी काही नाही. वीतभर पिवळट डाग होता आणि त्याच्या कडेची लाल लोकर पांढरी पडली होती. हे काही त्यांना बरं दिसेना. यावर काय ओतलंस, हा प्रश्न अगदी ओठांवर आला.

"सगळे म्हणतात, तुम्हाला काही सांगावंच लागत नाही," नजर चोरत सून म्हणाली.

झालं! प्रश्न तिथेच गिळला. आज विचारलं तर उद्या सगळ्या इमारतीला कळेल, या भीतीने.

"बाळाची शू आहे. जुनी," मावशींनी उसनं अवसान आणून सांगितलं. सुनेने मान डोलावली. तिला वाटलं, पुढचं विचारलं नाही, सुटले. आणि मावशींना वाटलं, बरोबर आलं, सुटले.

शूच्या डागाला व्हिनेगर, हे ठरलेलं. सुनेने मुलीला गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मावशींनी अर्धी बाटली डागावर ओतली आणि फडक्याने टिपायला घेतलं. जरा वेळाने डोळे चुरचुरायला लागले. घसा खवखवला. मुलगी शिंकली, मग खोकली.

"मावशी, वास कसला येतोय हा?" सून आतूनच म्हणाली.

"व्हिनेगरचा. जाईल आत्ता," मावशी म्हणाल्या.

खोकला थांबेना. मुलीचा चेहरा लालबुंद झाला, श्वास अडकायला लागला. मावशींची नजर त्या पांढऱ्या पडलेल्या लोकरीवर गेली आणि रंग उडवणारं काहीतरी त्यावर आधीच ओतलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुलीला उचललं आणि पदराने तिचं तोंड झाकत त्या धावत सुटल्या. "बाहेर हो आधी! काय ओतलंयस त्यावर?"

"संडास धुवायचं ब्लीच," जिन्यात सून रडत म्हणाली. "थोडंसंच, मावशी."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत दोघी पळत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, वाफ दिली, तासभर समोर बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, "ब्लीचवर व्हिनेगर पडलं की विषारी वायू होतो. वेळेवर बाहेर काढलंत. आता काळजी नाही."

बाहेरच्या बाकावर मावशी टेकल्या. मुलगी त्यांच्याच मांडीवर, त्यांचं बोट घट्ट धरून बसली होती. सून शेजारी हुंदके देत होती.

"माझ्या मूर्खपणाने गेली असती हो. तुम्हाला वास आला म्हणून वाचली. मी जन्मभर सगळ्यांना सांगेन."

असं प्रशस्तिपत्र सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पुन्हा कधी कुणी शंका घेतली नसती. मावशींनी मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. पुढे येणारी प्रत्येक दुपार, प्रत्येक बंद खिडकी त्यांना दिसायला लागली, आणि खोकल्यापेक्षाही त्याचीच भीती वाटली.

"मला वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले. वास कसला म्हणून तू विचारलंस ना, तेव्हाही आला नव्हता. खोटंच सांगितलं मी."

सून रडायची थांबली. मग तिने मुलीची बोटं एकेक करून सोडवली, मुलीला उचललं आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.