मामांची मोडलेली मूठ

जगात रोज जेवढ्या वस्तू फेकल्या जातात, त्या सगळ्या हिच्या मामांना न विचारता फेकल्या जातात, आणि याचं त्यांना अगदी मनापासून वाईट वाटतं. हिचे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. धारवाडच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि मामींना घेऊन हुबळीजवळच्या नवनगरात राहायला आले. निरोपाच्या वेळी शाळेनं काय हवं म्हणून विचारलं, तर शाल नको म्हणाले आणि प्रयोगशाळेतला जुना ताणकाटा मागून घेतला. वर कडी, खाली आकडा, मधे घासून पुसट झालेली पट्टी. तेव्हापासून त्यांच्या घरची प्रत्येक कचऱ्याची पिशवी आधी त्या आकड्याला लटकते आणि मग गाडीत जाते. वजन जास्त भरलं तर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात. मामीच आतून सांगतात, "काल वन्सं आल्या होत्या. तुमचीच बहीण. तिनंच आणलेल्या फणसाच्या साली आहेत त्या."

बाहेर पडले तरी हेच. सुभाष रोडला पेढे घ्यायला गेले की डबा घरचा. दुकानदारानं आधी रिकामा डबा तोलायचा, मग भरलेला. मागे कितीही माणसं खोळंबली तरी मामा निवांत. कलघटगीला एका लग्नात थर्माकोलच्या ताटल्या बघून त्यांनी पिशवीतून स्वतःचं ताट काढलं. वाढणाऱ्याला वाटलं, घरी न्यायला मागतायत. त्यानं बिचाऱ्यानं चार माणसांचा भात वाढला, आणि मामांनी तो सगळा खाल्ला, कारण उरला असता तर टाकावा लागला असता. परतताना गाडीत मामी म्हणाल्या, "अहो, 'साकु', पुरे, एवढं म्हणायला काय झालं होतं?" मामा म्हणाले, "तोंडात भात होता."

अशा माणसाचा हात मोडला तो कचऱ्याच्या गाडीपायीच. शेजाऱ्यांची ओली पिशवी सुक्या कप्प्यात पडताना त्यांनी पाहिली, तशी गाडीमागं धावत जाऊन तिच्या पत्र्यावर मूठ हाणली. गाडी थांबली. मामांची करंगळीही थांबली, म्हणजे वळेना. फोन आला आणि मी त्यांना हुबळीच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर मामांचेच विद्यार्थी निघाले. एक्स-रे उजेडाला धरून ते गंभीरपणे म्हणाले, "सर, करंगळीखालचं हे हाड असं मोडतं ते बहुतेक वेळा कुणाला तरी ठोसा मारल्यावर. कोण होतं?"

"महापालिका," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. दोन रस्ते होते. एक, ऑपरेशन करून आत बारीक तार घालायची. हाड सरळ बसेल. दुसरा, करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधायची, थोडे दिवस आधार द्यायचा आणि मग व्यायाम. मुठीचा एक उंचवटा जरासा बसका राहील, पण काम सगळं होईल. "तुमच्या बाबतीत दोन्ही चालेल, सर. नाहीतर मी तुम्हाला निवडायला सांगितलंच नसतं." यावर कुणीही विचारतं ते दुखेल किती आणि दिवस किती जातील. मामांनी विचारलं, "कचरा कशाचा कमी?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण विद्यार्थी चांगला असावा, कारण तो विचारात पडला. बोटांवर मोजत सांगायला लागला: एकदाच वापरायच्या चादरी, झगे, हातमोजे, प्रत्येक हत्याराचं दुहेरी वेष्टन, सुया, नळ्या, शिवाय हत्यारं वाफेवर शिजवायची वीज, खोली थंड ठेवायची वीज. सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला. मामांनी लगेच पिशवीतून ताणकाटा काढला. "बघू तर." पिशव्या उघडता येत नाहीत, नियम आहे, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. "उघडू नकोस. लटकव." शेवटी सकाळच्या एका हाताच्या ऑपरेशनच्या पिवळ्या आणि लाल अशा दोन बांधलेल्या पिशव्या मागच्या दाराशी आल्या. मामांचा हात झोळीत, म्हणून ताणकाटा हातमोजे घातलेल्या सिस्टरांनी धरला. काटा सरसर खाली गेला तशा त्या "अय्यो!" म्हणाल्या. रोज त्याच पिशव्या बांधत होत्या, पण तोलून कधी पाहिल्या नव्हत्या. पिशव्या उतरवल्यावर मामांनी त्याच आकड्याला पट्टीची गुंडाळी आणि कापसाचा बोळा लटकवला. काटा हललासुद्धा नाही.

"बांध पट्टी," मामा म्हणाले.

इथं गोष्ट संपली असती, पण तपासणीसाठी पुन्हा यायचं होतं. मी गाडी घेऊन दारात हजर झालो, तर मामा पायरीवर उभे. "जावईबापू, पिशवी वाचवायची आणि पेट्रोल जाळायचं? मग ऑपरेशन काय वाईट होतं?" आणि बांधलेला हात छातीशी धरून बसनं गेले. मधल्या एका तपासणीला डॉक्टरांनीच सुचवलं की व्हिडिओवर हात दाखवला तरी चालेल. मामांनी फोन असा काही धरला की डॉक्टरांना पाच मिनिटं छताचा पंखाच दिसत होता. "सूज नाही ना रे?" मामा विचारत होते. पलीकडून डॉक्टर आदबीनं म्हणाले, "सर, अजून बोट आलेलं नाही." बोट बरं झालं. मुठीचा उंचवटा बसला तो बसलाच. मामा तो पाहुण्यांना दाखवत असत.

पुढं थंडीच्या दिवसांत एका सकाळी मामी मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. पुन्हा मी, पुन्हा तेच डॉक्टर. या खेपेला मामा मुकाट्यानं गाडीत बसले होते आणि मला म्हणत होते, "जरा जोरात घ्या की." तळहातातली दोन हाडं मोडून पिळली होती, मूठ वळायला सांगितली की बोटं एकमेकांवर चढायची. डॉक्टर म्हणाले, "इथं निवडायला काही नाही. तारा घालाव्याच लागतील." एवढं बोलून त्यांना समोर कोण बसलंय ते आठवलं असावं. घाईघाईनं सांगायला लागले, "सर, चादरी धुवून वापरायच्याच घेतो. हत्यारांचा लहान संच काढतो, लागेल तेवढंच उघडतो..."

"अरे, काय उघडायचं ते उघड!" मामा एवढ्यानं ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा हात आहे तो."

मामींना आत नेताना त्याच आम्हाला धीर देत होत्या. "अहो, भाताला झाकण घालायचं राहिलंय. मांजर येईल." मामांनी मान डोलावली. दार बंद झाल्यावर मी त्यांना कागदी कपातला चहा आणून दिला. तो त्यांनी घेतला, प्याला आणि रिकामा कप तासभर तसाच हातात धरून बसले. एकदाच म्हणाले, "मघाशी तिची बोटं बघितलीत? कशी एकावर एक..." डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं, सर" म्हणाले, तेव्हा या विद्यार्थ्याला मामांनी चक्क हात जोडले. तो बिचारा खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

त्यानंतरच्या रविवारी नवनगरला गेलो. मामी पायरीवर बसलेल्या, हात बांधलेला, आणि मागे मामा खुर्चीवर बसून त्यांची वेणी घालत होते. दातांत रिबीन. परीक्षानळीत थेंब मोजून टाकावेत तसा एकेक पेड उचलत होते.

"दुखतंय का?"

"नाही. जरा घट्ट ओढा की."

मामांनी ओढली, आणि हातात आलेल्या केसांकडे बघत थांबले. "इतके पातळ कधी झाले गं?"

"झाले हळूहळू," मामी म्हणाल्या.

मामींचा हात आता अगदी बरा आहे. मूठ सरळ वळते, भाकऱ्या पहिल्यासारख्या थापतात. संध्याकाळी मात्र कंगवा घेऊन त्या अजून पायरीवर येऊन बसतात. हातात अजून तितकीशी ताकद नाही, असं त्यांचं म्हणणं. मामाही "हो, वेळ लागतो" म्हणतात, आणि डॉक्टरांना विचारायला दोघांपैकी कुणीच जात नाही.