वाडीचा चढ

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका, मलाच नीट ठाऊक नाही.

चौसाळ्यात माझं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान. एका वर्षी माल बरा खपला म्हणून बियाण्याच्या कंपनीने आम्हा दुकानदारांना व्हिएतनामला फिरवून आणलं. बाकीचे खरेदीत दंग, मी मात्र तिथल्या बॅटरीच्या छोट्या गाड्यांवर भाळलो. ना धूर, ना आवाज. आठ-दहा माणसं घेऊन तळ्याकाठच्या रस्त्याने अलगद जायच्या. भाषा येत नव्हती म्हणून एका चालकाला मी खुणेनेच विचारलं. तळहात तिरपा धरून चढ करून दाखवला – यावर चढते का? तो हसला. हात हलवून 'नाही' म्हणाला आणि समोरच्या सपाट रस्त्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे मला ठाऊक होतं. परत आल्यावर त्या गाड्यांचे फोटो मी येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवले, पण त्या माणसाचं 'नाही' एकालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? चौकात माझा फलक लागला होता, शाल-नारळ झालं होतं. फॉरेनहून आलेला मी एकटाच शहाणा होतो ना!

दोन गाड्या आणल्या. एक स्टँड ते दवाखाना, सपाट रस्त्याला. दुसरी वरच्या वाडीला. वाडी डोंगरावर, धनगरांची, एसटी तिथवर जात नाही. वाडीची माणसं दुकानात येऊन म्हणाली, आमालाही गाडी द्या की आप्पा. आणि इतक्या बढाया मारून झाल्यावर माझ्या तोंडून नाही निघेना.

चालक म्हणून वाडीतलाच बिरू ठेवला. मेंढरं भावाकडे सोपवून तो आला. चारच दिवसांत त्याला गाडीचं मर्म कळलं. या गाडीला गिअर नसतो. मोटार थकली की ब्रेक दाबूनही ती चढावर उभी राहत नाही, मागे सरकते. म्हणून तो पायाशी एक दगड ठेवायचा, चाकाला लावायला, आणि एका खेपेला चारच माणसं न्यायचा. मला त्याचा राग यायचा. हो, रागच. त्याच्या त्या दगडाकडे बघून लोक माझ्या गाडीला हसतात असं मला वाटायचं.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याला दुकानात बोलावलं. दोघंच होतो. आज वाडीची गर्दी आहे, खेपेला आठ माणसं ने, असं मी सांगितलं.

"आप्पा, आठ न्हाई चढायची," तो म्हणाला. "चारालाच धापा टाकती."

"तिकडं धा-धा बसतेत. मला शिकवतो का बे? आठ बसीव, न्हाई तर चावी ठेव इथं."

त्याने चावीकडे बघितलं. मग गेला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मधल्या वळणावर मोटार दमली, गाडी मागे सरकायला लागली. बिरूने उडी टाकली, दगड लावला, तो निसटला. मग त्याने खांदा लावला. खांद्याचं हाड मोडलं आणि गाडी नाल्यात गेली. सात जण खरचटून वाचले. गयाबाई गाडीखाली सापडल्या. वाडीच्या अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या त्या. मी पोचलो तेव्हा त्यांच्या पिशवीतली भाजी रस्ताभर पडली होती आणि कुणीतरी त्यांच्या अंगावर पटका टाकला होता.

त्यांचा नवरा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाजही चढवला नाही त्याने. "आप्पा, इतकी माणसं कुणी भरली?"

तेव्हा – त्या एका क्षणात मी काय काय विचार केला असेल? खरं सांगू? काहीच नाही. इतकं सहज आलं ते तोंडात.

"मी चारच म्हणलतो," मी म्हणालो. "ह्यानंच भरली."

बिरू खांदा धरून बांधाला टेकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आप्पा म्हणतेत तर तसंच आसंल."

का म्हणाला तो असं? मी कधी विचारलं नाही. तो सांगेल याची भीती होती. पोलिसांपुढेही मी तेच लिहून दिलं. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. वाडीने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तो मेंढरं घेऊन निघून गेला. माझा धंदा मात्र सपाट रस्त्यांवर छान चालला. गाड्या वाढल्या, नाव झालं.

वाटलं असेल, एवढंच. नाही.

गेल्या वर्षी एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं, उद्योग कसा उभारावा यावर. अशी बोलावणी आता येतात. माझ्या भाषणात तो अपघातही असतो – चालकाने ऐकलं नाही, जीव गेला, तरी मी खचलो नाही, असा. त्या दिवशी पुष्पगुच्छ द्यायला एक मुलगी स्टेजवर आली. सरांनी तिचं पूर्ण नाव पुकारलं. मधलं नाव बिरू, मूळ गाव वरची वाडी. डोळे बापाचेच. तिने गुच्छ दिला, वाकून नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

अपघाताचा भाग मला गाळता आला असता. कुणाला कळलं असतं? बोलता बोलता मी त्या जागेशी आलो, तिच्याकडे पाहिलं आणि गाळला नाही. उलट नेहमीपेक्षा जरा रंगवूनच सांगितला. तिच्या घरी खरं ठाऊक आहे की नाही, ते मला तिच्या तोंडावर बघायचं होतं. माणूस निवडताना मी चुकलो, असं म्हणालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिनेही वाजवल्या.