उत्तरेच्या अंगणातलं गवत

पाइनच्या शेंड्यावर चढून फांद्या छाटाव्यात त्या गिसाबुरोनंच. जपानमधल्या त्सुवानो गावात त्याचा हात धरणारा दुसरा माळी नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडी निसटली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं.

"मला मागे उत्तरेला ने. समोरची झाडं नकोत डोळ्यांपुढे," एवढंच तो बायकोला, नुईला, म्हणाला. मग त्यानं बोलणंच टाकलं.

उत्तरेच्या ओसरीपुढे ओकचं जुनं झाड, दोन कॅमेलिया आणि त्यांच्याखाली बोडकी काळी माती. ऊन तिथे कधी पोचतच नसे. नवरा दिवसभर त्या मातीकडे बघत पडलेला. नुईला ते बघवेना. तिथे काहीतरी हिरवं लावावंसं वाटे. पण त्याचं सगळं अंथरुणातच करायचं. झाडांना पाणी घालत बसायला वेळ कुठला?

वसंतात ती माहेरी गेली. तिथे डोंगराच्या सावलीत ‘ड्रॅगनची दाढी’ नावाचं गवत आपोआप वाढायचं, दाट, गडद हिरवं, केसांसारख्या पात्यांचं. तिनं गड्डे उपटले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि बसमधून मांडीवर घेऊन आली. बोटाएवढे फुटवे वेगळे करून तिनं ते उत्तरेच्या त्या काळ्या मातीत लावले.

शेजारची शिगेआजी कुंपणावरून ओरडली, "अगं नुई, माळ्याच्या दारात गवत लावतेस? हसतील की लोक!"

"हसू देत आजी. फुकटची करमणूक!"

पहिली दोन वर्षं तण काढण्यापुरतीच नुई तिथे वाकली. गवत सावकाश पसरत होतं, झोपेत कूस बदलावी इतकं सावकाश. तिसऱ्या उन्हाळ्यात माती दिसेनाशी झाली. धुकं उतरलं की अंगण तळ्यासारखं दिसे. वारा आला की तळ्याला सुरकुती पडे.

जुलैतली दुपार. झाडांतले किडे एका सुरात किरकिरत होते. नुई भाजी चिरत असताना हाक आली.

"अगं, इकडे ये."

ती धावतच गेली. "अहो, काय होतंय?"

"काही नाही. आडवी हो इथे, माझ्याशेजारी."

"भर दुपारी? शिगेआजी बघेल!"

"बघू दे. खाली बघ, पात्यांच्या आत."

ओल्या हातांनीच ती आडवी झाली. गाल ओसरीच्या फळीला टेकला तेव्हा दिसलं. पात्यांच्या अंधारात फिकट जांभळी, तांदळाएवढी फुलं, माना खाली घालून. उभ्या माणसाला ती दिसलीच नसती. दोघं किती वेळ पडून राहिली, कुणालाच कळलं नाही. चुलीवरचं सूप आटून गेलं.

"चाळीस वर्षं मी वरच बघत होतो," तो म्हणाला. मग बोलतच राहिला, पाइनबद्दल, शिडीबद्दल, पडतानाच्या त्या क्षणाबद्दल.

शरदात देवळाचे पुजारी आले. "गिसाबुरो, देवळामागच्या सावलीत काहीच टिकत नाही हो. काय लावू?"

"मला झाडांचं विचारा. जमिनीचं हिला विचारा."

नुईचे कान लाल झाले. पण पुढच्या वसंतात ती टोपल्या भरून देवळात गेली. गिसाबुरो म्हणाला, मीही येणार. त्याला हातगाडीवर गाद्या घालून नेलं.

"चार बोटं अंतर ठेव!" तो गाडीवरून ओरडला.

"तीन."

"चार गं!"

नुईनं मान वर न करता तीन बोटं मोजली आणि पुढचा फुटवा मातीत दाबला.