दहा गांडुळं आणि आमचा भराव

पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागतात. वर ‘जागे व्हा’, खाली ‘जाब द्या’, मध्ये कंपनी, खाडी, आपली पोरंबाळं. कॉलेजात गेल्यापासून हेच करतेय. कारखान्याच्या विस्तारावर अलिबागला जनसुनावणी लागली, तेव्हा गावच्या विरोध समितीतले काका म्हणाले, "बाय, घोषणा पुरे झाल्या. साहेब लोकांना पुरावा लागतो."

प्रयोगशाळेचा पुरावा आमच्या आवाक्यातला नव्हता. गांडुळांचा होता. तो मी एका शिबिरात शिकले होते. डब्यात मधोमध पुठ्ठा उभा करायचा. एका बाजूला संशयाची माती, दुसऱ्या बाजूला चांगली, दोन्हीकडे ओल सारखी. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडायची. दोन दिवसांनी पुठ्ठा परत घालून कुठे किती गेली ते मोजायचं. नासलेल्या मातीत ती थांबत नाहीत.

संशयाची माती कंपनीच्या भिंतीलगतची. चांगली कुठली? आमच्या शेताची, आणखी कुठली! भिंतीपासून लांब, खाडीच्या बांधाला लागून. आईचे वाल तिथलेच. ते भिजवून, मोड आणून, सोलून ती अलिबागच्या बाजारात वाटे लावून बसते. ती पोचेपर्यंत गिऱ्हाईक थांबून राहतं.

डबा पडवीत ठेवला, वर बारदान टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजलं. नऊ गांडुळं कंपनीच्या भिंतीच्या मातीत. दहावं पुठ्ठ्याखाली चिरडलं. आमच्या मातीत एकही नाही.

आई शेजारीच वाल सोलत होती. "काय झालं गो?"

"आपल्या मातीत थांबत नाहीत."

"खारं हाय ना ते! खाडीचं पानी येऊन गेलंय. गांडुळाला मीठ चालत न्हाय. एवढं बी शिकवलं न्हाय तुला शिबिरात?"

मला केवढं हायसं वाटलं. आईचं बरोबर होतं, मिठानं गांडुळं पळतात. मग मी दुसरा डबा लावला. एका बाजूला आमची माती, दुसऱ्या बाजूला लागूनच्या शेजारच्या शेतातली. त्या शेताचा मालक मुंबईला असतो, शेत पडीक आहे. खारं पाणी दोन्ही शेतांत सारखंच शिरलेलं. फरक एकच, त्या शेतात कंपनीच्या मातीचा भराव पडला नव्हता.

दोन दिवसांनी दहाच्या दहा गांडुळं पडीक शेताच्या मातीत.

म्हणजे भराव. आणि भराव मी मागितला होता.

मी दहावीत होते. बांध फुटून शेतं खाडीखाली गेली होती, उंच केल्याशिवाय काही उगवणार नव्हतं. कंपनी कारखान्यातून निघणारी करडी माती भरावाला फुकट टाकून देते असं कळलं, पण शेजारच्या गावाला. अर्ज मी लिहिला. ‘आमच्याच गावावर अन्याय का?’ खाली अख्ख्या गावाच्या सह्या. ते माझं पहिलं पत्रक. ट्रक आले तेव्हा पहिल्या ट्रकच्या चाकापुढे आम्ही नारळ फोडला होता.

काकांना दोन्ही डबे दाखवले. त्यांनी दोन्हींवर परत बारदान ओढलं. मग म्हणाले, "दुसरा डबा झालाच न्हाय. आणि पहिला परत लाव, चांगली माती डोंगराकडची घे."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? एक डबा कमी बोलायचा. तुझा अर्ज कंपनीच्या फायलीत असंल, तोच काढतील पयला."

आई त्याहून स्पष्ट. "कंपनीवर लिव काय लिवायचं ते. माझं शेत लिवू नको. बाजारात कोन उभं करंल मला?"

"आई, माती खराब आहे."

"गांडुळांना पलीकडं माती होती, गेली. मी कुटं जाव?"

मी सुनावणीचा अहवाल लिहायला बसले. दुसऱ्यांच्या अहवालात एक डबा कमी दिसला असता तर मी चौकात फलक लावला असता, हे मला पक्कं माहीत होतं.

सुनावणीत मी दोन्ही डबे वाचले, आमच्या शेतासकट. साहेबांनी "नोंद घेतली" म्हटलं. कंपनीचा माणूस उठला आणि त्यानं माझा अर्ज वाचून दाखवला, सावकाश, एकेका उद्‌गारचिन्हावर थांबत. भराव ग्रामस्थांच्या मागणीवरून दिला, इतकंच तो पुढे बोलला. मागच्या खुर्च्यांवर गाव बसलं होतं. परतताना काका दुसऱ्या टेम्पोत बसले.

गांडुळं मातीचं सांगतात, वालात काय उतरलंय ते सांगत नाहीत. तेही मी अहवालात लिहिलं होतं. ते वाक्य कोणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी आई बाजारात जाऊन तासाभरात परत आली. टोपली तशीच भरलेली. सुनावणीची बातमी तिच्या आधी बाजारात पोचली होती.

दुपारी तिनं त्याच वालांचं बिरडं केलं. दोन ताटं वाढली आणि माझी वाट न बघता जेवायला लागली.

"आई, नको खाऊस. आधी तपासून घेऊ."

"कुटं तपासतंस? डब्यात?" तिनं आणखी भात कालवला. "जेवायचं तर जेव. न्हाय तर हे पन लिव."

मी उठले असते तर ती एकटीच खाणार होती. मी ताट पुढे ओढलं.