भिंतीपलीकडचा टीव्ही

अपेक्षाने एका शेगडीवर पोहे परतायला घेतले होते, दुसरीवर नवऱ्याचा, शुभंकरचा, चहा उकळत होता. दुधाची पिशवी अजून दाराबाहेर लटकलेली. कात्रजच्या नव्या इमारतीतलं ते घर नवरा-बायकोच्या दोन पगारांवर घेतलेलं. आता पगार तिचा एकटीचाच येत होता.

"आज उशीर होईल, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे," ती म्हणाली. एवढंच.

शुभंकरने कढई भिंतीवर भिरकावली. मग तिला. कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं, रक्त डोळ्यात ओघळलं. केसांना धरून त्याने तिला हॉलपर्यंत फरफटत नेलं. "रिलीज! मला सांगतेस? टेस्टिंग कोणी शिकवलं तुला?" लाथ बरगडीत बसली. ती किंचाळली, आणि नेहमीप्रमाणे शेजारच्या मंदाकिनीकाकूंच्या टीव्हीवरची भक्तिगीतं मोठी झाली.

अपेक्षा विदर्भातल्या आर्वीची. भावाशी भांडून कॉम्प्युटर शिकायला पुण्यात आलेली. शुभंकर कंपनीत तिचा सीनियर. अमेरिकेतल्या डॉटकॉम कंपन्यांचा फुगा फुटला तसा तो आधी बेंचवर, म्हणजे नुसता बसून, आणि मग थेट घरी आला. तिला मात्र बढती मिळाली. पहिली थोबाडीत त्याच संध्याकाळी बसली, हातात पेढ्यांचा बॉक्स असताना. आई कौशल्या फोनवर म्हणाली, "नोकरी गेलेला माणूस हाय, सहन कर माय." ऑफिसात अपेक्षा जिन्यावरून पडल्याचं सांगे. "तुमचा जिना भलताच मारका दिसतो गं!" शेजारच्या टेबलावरची तनया हसून म्हणे. दिवाळीत अपेक्षा एकदा स्वतःच्या जिवावर उठली होती. वाचली. घरच्यांनी 'पित्त झालं' म्हणून झाकलं.

आज शुभंकर दार आपटून गेला. ती सांडलेले पोहे भरत बसली. आपलं ओरडणं कोणाला ऐकूच गेलं नसेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, गेलं असणार. त्या विचारासरशी हात थांबले, आणि ती पुन्हा दिवाळीतल्याच वाटेने गेली.

दारावर थाप पडली.

"अहो, दही बाहेरच लावायचं ठरलंय का? पिशवी तापतेय!" मंदाकिनीकाकू. "अपेक्षा? अगं अपेक्षा!" थापांचे धक्के झाले. वॉचमन पोपटने पहारीने कुलूप तोडलं तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती, श्वास जेमतेम चालू.

हॉस्पिटलात शुद्ध आली तर उशाशी कौशल्या. "खाण्यातून झालं म्हणून सांग. पाहुण्यांत तोंड कसं दाखवाचं?" पायाशी शुभंकर डोळे पुसत उभा.

डॉक्टरबाईंनी दोघांनाही बाहेर काढलं. "या वॉर्डात सगळ्यांच्या कागदावर 'चुकून'च लिहिलेलं असतं," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "घरचे लिहायला लावतात, आम्हीही लिहितो. मग पाठवतो त्याच घरी, आणि त्यातल्या कितीतरी परत येतात. तू दुसऱ्यांदा आलीस ना? मला तुझी काळजी त्यासाठीच जास्त वाटते. बरगडी कोणी मोडली?"

अपेक्षाने नवऱ्याचं नाव घेतलं. आडनावासकट, पूर्ण.

पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. शुभंकर मांजरी गावात आपल्या भावाकडे राहायला गेला, जाताना जिन्यात कौशल्याला म्हणाला, "घर माझंही आहे, येणार मी." आईने आर्वीला चल म्हणून हट्ट धरला. अपेक्षाने नकार दिला. नोकरी होती, दाराला नवं कुलूप बसलं होतं, डॉक्टरबाईंकडे दर आठवड्याला बोलायला जायचं ठरलं होतं. पण कुलूप तुटायला वेळ लागत नाही, हे तिला आता ठाऊक होतं.

हॉस्पिटलातून निघायच्या दिवशी मंदाकिनीकाकू पेज घेऊन आल्या. नजर वाटीतच ठेवून बडबडत राहिल्या. "मीठ कमी आहे, मुद्दाम. लोणचं आणू? तुला काहीही लागलं तरी हक्काने सांग हं."

अपेक्षाने चमचा खाली ठेवला.

"काकू, माझ्या घरातून आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका. दार वाजवा."